कारखान्यात पुन्हा झिलई दिलेले लष्करी रिव्हॉल्व्हर : ओळख, अर्थ आणि जतन

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

१. जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरवरील मूळ झिलई, कारखान्याने पुन्हा दिलेली झिलई आणि नंतर एखाद्या खाजगी कारागिराने दिलेली झिलई यांतील फरक ओळखणे.
२. अनुक्रमांक, तपासनिसांचे ठसे आणि मोजमापे यांच्या आधारे वस्तूचा सेवा-इतिहास मांडणे.
३. स्वच्छता, जतन आणि पुनःस्थापन या तीन शब्दांतील भेद स्पष्ट करून योग्य पर्याय निवडणे.

१. प्रस्तावना

संग्रहालयात एखादे शस्त्र पाहताना आपली नजर पहिल्यांदा त्याच्या पृष्ठभागावर जाते. पृष्ठभाग गंजलेला किंवा फिका असेल तर 'हे पूर्वीसारखे चकचकीत करता येईल का?' असा प्रश्न मनात येतो. हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा : 'पूर्वीसारखे' म्हणजे नेमके कधीसारखे?

लष्करी शस्त्राचे आयुष्य एकाच टप्प्याचे नसते. ते कारखान्यात तयार होते, तपासले जाते, पलटणीला दिले जाते, झिजते, शस्त्रागारात परत येते, दुरुस्त होते, त्याला पुन्हा झिलई दिली जाते आणि ते पुन्हा सैनिकाच्या हाती जाते. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्व्हरवर आज दिसणारी झिलई मूळची नसली, तरी ती खोटी असेलच असे नाही. ती लष्करानेच करून घेतलेली असू शकते. ती 'मूळची नाही' म्हणून घासून काढली, तर त्या शस्त्राच्या आयुष्यातील एक पूर्ण प्रकरण पुसले जाते आणि ते परत मिळवण्याचा कोणताही मार्ग उरत नाही.

या पाठात आपण अमेरिकी लष्कराचे कोल्ट 'सिंगल ॲक्शन आर्मी' हे रिव्हॉल्व्हर मुख्य उदाहरण म्हणून घेऊ. तुलनेसाठी ब्रिटिश सेवेतील वेब्ली आणि अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन यांच्या खुणाही पाहू.

२. उदाहरणाची पार्श्वभूमी

अमेरिकी लष्कराने हे रिव्हॉल्व्हर १८७३ साली स्वीकारले. त्याचा निर्माता कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील कोल्ट कंपनी. काडतूस .४५ इंच, म्हणजे सुमारे ११.४ मिलिमीटर व्यासाचे; चक्रीत सहा कोठे; आणि घोडदळासाठी नळीची लांबी साडेसात इंच, म्हणजे सुमारे १९ सेंटीमीटर. १८७३ ते १८९१ या काळात सरकारने अशी सुमारे ३७,००० रिव्हॉल्व्हर खरेदी केली. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न येथे लाकोटा, शायेन आणि अरापाहो योद्ध्यांशी लढताना कस्टरच्या सातव्या घोडदळाकडे हीच रिव्हॉल्व्हर होती.

१८९२ मध्ये लष्कराने .३८ इंच काडतुसाचे नवे, दुहेरी क्रियेचे कोल्ट स्वीकारले. दुहेरी क्रिया म्हणजे चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन सुटतो. जुन्या एकेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा प्रत्येक वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. नवे शस्त्र आल्यावर जुनी रिव्हॉल्व्हर शस्त्रागारात जमा झाली.

पुढे १८९५ पासून काही वर्षांत यांपैकी सुमारे १६,००० रिव्हॉल्व्हर बाहेर काढण्यात आली. त्यांच्या नळ्या साडेपाच इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे १४ सेंटीमीटरपर्यंत, आखूड करण्यात आल्या. शस्त्रे सुटी करून साफ केली गेली, झिजलेले भाग बदलले गेले, गरजेप्रमाणे पुन्हा झिलई दिली गेली आणि ती पुन्हा जोडली गेली. १८९८ चे स्पेनशी युद्ध आणि त्यानंतरचे फिलिपीन्समधील युद्ध यांमध्ये ती वापरात आली. फिलिपीन्समध्ये .३८ ची गोळी समोरच्या माणसाला थांबवण्यास अपुरी पडते अशी तक्रार झाली आणि .४५ च्या जुन्या शस्त्रांना पुन्हा मागणी आली. १९११ साली अमेरिकी लष्कराने .४५ इंचाचेच स्वयंचलित पिस्तूल स्वीकारले, यामागे हा अनुभव होता.

आखूड नळीच्या या रिव्हॉल्व्हरना संग्राहक आज 'आर्टिलरी', म्हणजे तोफखान्याचा नमुना, म्हणतात. हे नाव पूर्णपणे अचूक नाही, कारण ती तोफखान्यापुरती मर्यादित नव्हती. पण ते रूढ झाले आहे.

आता लक्षात घ्या : अशा रिव्हॉल्व्हरची झिलई 'मूळची' नाही, नळी 'मूळ लांबीची' नाही आणि बहुतेक वेळा सर्व भाग 'मूळ जोडीचे' नाहीत. तरीही ते शंभर टक्के अस्सल लष्करी शस्त्र आहे.

३. झिलईचे प्रकार

ओळखीसाठी आधी पृष्ठभागाचे रसायन समजून घेऊ.

*गंज आणि निळाई.* तांबूस गंज हे लोखंडाचे जलयुक्त ऑक्साइड असते. ते सच्छिद्र असते, हवेतील ओलावा धरून ठेवते आणि आतील लोखंड खात जाते. ब्लूइंग, म्हणजे पोलादावरची निळसर-काळी झिलई, हेही लोखंडाचे ऑक्साइडच आहे. पण ते मॅग्नेटाइट असते. त्याचा थर पातळ व घट्ट असतो आणि त्यावर तेल लावले की गंज काही प्रमाणात रोखला जातो. म्हणजे 'गंज' आणि 'झिलई' ही एकाच कुळातील दोन भावंडे आहेत. एकाला घालवताना दुसऱ्याला इजा होणे सोपे असते.

*संथ गंज-निळाई.* पोलादावर मुद्दाम हलका गंज चढवायचा, उकळत्या पाण्याने त्याचे काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर करायचे, मऊ ब्रशने सुटा थर झाडायचा आणि ही क्रिया अनेकदा करायची. परिणाम मंद, रेशमी असतो.

*भट्टीतील निळाई.* अतिशय गुळगुळीत केलेले भाग कोळशासह भट्टीत तापवून ही झिलई मिळते. रंग खोल निळा असतो. एकोणिसाव्या शतकातील कोल्टच्या नळ्या आणि चक्र्यांवर अशा प्रकारची झिलई असे.

*रंगीत पृष्ठ-कठिणीकरण.* कोल्टची चौकट आणि घोडा यांना ही प्रक्रिया दिली जाई. भाग हाडांच्या व लाकडाच्या कोळशासोबत लोखंडी पेटीत बंद करून लालबुंद तापवायचे आणि पाण्यात एकदम बुडवायचे. पृष्ठभागात कार्बन शिरून तो कठीण होतो आणि वर निळे, तपकिरी, राखाडी ढगांसारखे पट्टे उमटतात. हे रंग अत्यंत पातळ थराचे असतात. हाताच्या घर्षणाने आणि उजेडाने ते फिके होऊन चंदेरी-करडी छटा उरते. कठीण थर मात्र टिकून राहतो.

*उष्ण क्षारीय निळाई.* कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांच्या उकळत्या द्रावणात, सुमारे १४० अंश सेल्सिअसला, भाग बुडवून एकसारखा काळा थर मिळतो. ही पद्धत विसाव्या शतकात, १९३० च्या दशकापासून, सर्वत्र पसरली. म्हणून १८७० च्या दशकातील शस्त्रावर असा गडद, चौकटीपासून मुठीच्या पट्टीपर्यंत एकजात थर दिसला, तर तो लष्कराच्या १८९५ नंतरच्या दुरुस्तीचा असू शकत नाही. तो त्यानंतर कित्येक वर्षांनी कोणीतरी दिलेला आहे.

यातून एक साधा नियम मिळतो. झिलईची *पद्धत* तिचा सर्वात आधीचा संभाव्य काळ सांगते. ती *कोणी* दिली हे ठशांवरून ठरते.

४. ओळखीच्या पायऱ्या

*पायरी पहिली : सुरक्षितता.* प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे मानूनच हाताळा. ते रिकामे आहे याची तपासणी प्रशिक्षित व अधिकृत व्यक्तीने करायची आहे, विद्यार्थ्याने नव्हे. ही तपासणी झाल्याची लेखी नोंद असल्याशिवाय अभ्यास सुरू करू नये. हातात नायट्रिल मोजे घाला. घामातील क्लोराइड पोलादावर बोटांचे ठसे गंजाच्या रूपात कायमचे उमटवते.

*पायरी दुसरी : मोजमापे.* नळीची लांबी चक्रीच्या पुढील बाजूपासून मुखापर्यंत मोजा. १९ सेंटीमीटरच्या जवळ आहे की १४ च्या? नळीच्या माथ्यावर कंपनीचे नाव व पत्ता एका ओळीत कोरलेला असतो. लांब नळीवर ही ओळ साधारण मध्यावर असते. लष्कराने नळी मुखाकडून सुमारे ५ सेंटीमीटर कापली, तेव्हा ओळ जागच्या जागी राहिली. त्यामुळे ती आता मुखाकडे सरकल्यासारखी दिसते. आखूड नळीवर ओळ अगदी मध्यावर असेल, तर ती नळी मुळातच आखूड तयार झालेली असावी आणि नंतर बसवलेली असावी, अशी शंका घ्या.

*पायरी तिसरी : अनुक्रमांक.* चौकटीच्या खाली, चापाच्या संरक्षक कड्यावर आणि मुठीच्या पट्टीवर क्रमांक असतो. लष्करी नगांवर नळी आणि चक्री यांवरही पूर्ण क्रमांक किंवा त्याचे शेवटचे अंक सापडतात. सर्व क्रमांक जशाचे तसे नोंदवा. अस्पष्ट अंकाच्या जागी अंदाजाने अंक लिहू नका, प्रश्नचिन्ह टाका.

सामान्यतः संग्राहक 'सर्व क्रमांक जुळणे' हा गुण मानतात. येथे उलट विचार करावा लागतो. मोठ्या संख्येने झालेल्या दुरुस्तीत शेकडो शस्त्रे एकदम सुटी केली गेली आणि भाग परस्पर बदलता येण्याजोगे असल्याने क्रमांक न जुळवता पुन्हा जोडली गेली. म्हणून आखूड नळीच्या नगावर वेगवेगळे क्रमांक असणे हे त्या दुरुस्तीचेच लक्षण आहे. सुरुवातीच्या काही नगांवर क्रमांक जुळतात. पण क्रमांक जुळणारा नग समोर आला की त्यातील अंक नंतर मारलेले नाहीत ना, हे अधिक बारकाईने पाहावे.

*पायरी चौथी : ठसे.* चौकटीच्या डाव्या बाजूला पेटंटच्या तारखा आणि 'यू.एस.' ही मालकीची खूण असते. सरकारी तपासनीस आपल्या आद्याक्षरांचे ठसे भागांवर आणि अक्रोडाच्या मुठीवर मारत. ऑर्व्हिल एन्सवर्थ हे सर्वात सुरुवातीच्या नगांचे तपासनीस; १८८० च्या दशकातील अनेक नगांवर डेव्हिड क्लार्क यांची 'डी.एफ.सी.' ही अक्षरे दिसतात. दुरुस्त झालेल्या नगांवर रिनाल्डो कार यांची 'आर.ए.सी.' ही अक्षरे आढळतात. एकाच शस्त्रावर जुन्या तपासनिसाचा झिजलेला ठसा आणि कार यांचा तुलनेने स्पष्ट ठसा एकत्र दिसला, तर तुम्ही दोन वेगवेगळ्या दशकांतील दोन तपासण्या वाचत आहात.

*पायरी पाचवी : रचनेतील बदल.* कोल्टच्या जुन्या चौकटीत चक्रीचा आस पुढून बसवलेल्या एका स्क्रूने धरलेला असे. सुमारे १८९६ पासून त्याजागी आडवी, स्प्रिंगची कळ आली. सरकारी खरेदी १८९१ पर्यंतची असल्याने आडवी कळ असलेल्या चौकटीवर 'यू.एस.' दिसले, तर ती खूण बनावट असण्याची शक्यता फार मोठी आहे.

*पायरी सहावी : ठसा आणि झिलई यांचा क्रम.* ही पायरी सर्वात महत्त्वाची. दहापट भिंग घ्या आणि दिवा एका बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. पुढील गोष्टी पाहा :

- ठसा मारताना अक्षराच्या कडेला धातू किंचित वर येतो. हा उंचवटा शाबूत असेल, तर ठशानंतर पृष्ठभाग घासलेला नाही. तो सपाट झाला असेल, तर घासणे ठशानंतरचे आहे.
- अक्षरांची एक बाजू खोल आणि दुसरी उथळ दिसते का? चाकावर पॉलिश करताना धातू एका दिशेने ओढला जातो.
- स्क्रूच्या छिद्रांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या आहेत का? चौकटीच्या टोकदार कडा गोल झाल्या आहेत का?
- गंजाच्या खळग्यांच्या *आत* झिलई आहे का? असेल तर गंज आधी, झिलई नंतर.
- झिलई ठशाच्या खोबणीत उतरली आहे, की ठशाने झिलई फोडली आहे?

कारखान्यात जिग आणि अनुभवी हात असल्याने पॉलिश बहुधा मापात राहते. तरी जुने ठसे थोडे पुसट होतातच. खाजगी कारागिराच्या अतिरेकी पॉलिशमध्ये कडा वितळल्यासारख्या दिसतात, आणि मुख्य म्हणजे त्या कामानंतरचा तपासनिसाचा ठसा नसतो.

५. इतर सैन्यांतील खुणा

ब्रिटिश सैन्याने वेब्ली मार्क १ रिव्हॉल्व्हर १८८७ मध्ये स्वीकारले. काडतुसामागे येणारा चौकटीचा भाग वापराने झिजत असे. पुढच्या नमुन्यात तेथे कठीण पोलादाची पट्टी आली. जुनी मार्क १ दुरुस्तीसाठी आली की त्यांनाही अशी पट्टी बसवली जाई आणि क्रमांकासोबत एक तारा मारला जाई. १९१५ मध्ये शाही नौदलाच्या जुन्या नगांना सहा इंची नळ्या बसवल्या गेल्या, तेव्हा दोन तारे आले. म्हणजे येथे तारा ही शोभा नाही, ती दुरुस्तीची पावती आहे. दोन बाण टोकाला टोक लावून मारलेले दिसले, तर ते शस्त्र सरकारी सेवेतून विकले गेल्याचे समजावे. भारतातील संग्रहांमध्ये वेब्ली आढळतात, त्यामुळे या खुणा लक्षात ठेवा.

स्मिथ अँड वेसन कारखान्यात परत आलेल्या नगांवर अनुक्रमांकाजवळ तारा आणि मुठीखालच्या पट्टीवर महिना-वर्ष दर्शवणारे अंक मारल्याची उदाहरणे आहेत. एकाच चिन्हाचा अर्थ दोन देशांत वेगळा असू शकतो. म्हणून खूण वाचण्याआधी निर्माता निश्चित करा.

६. एक सोडवलेले उदाहरण

समजा, तुमच्यासमोर एक कोल्ट आहे. नळी १४ सेंटीमीटर. पत्त्याची ओळ मुखाकडे सरकलेली. चौकट, चक्री आणि नळी यांवर तीन वेगळे क्रमांक. चौकटीवर 'यू.एस.' थोडे पुसट, पण वाचता येते. नळीवर जुन्या तपासनिसाचे एक अक्षर अर्धवट, मुठीवर 'आर.ए.सी.' स्पष्ट. नळीवरची निळाई काही ठिकाणी उडालेली, खोबणींत टिकलेली. काही उथळ खळग्यांच्या आतही निळाई आहे. चौकटीला आडवी कळ नाही.

आता क्रम लावा. खळग्यांतील निळाई सांगते की आधी गंज होता, मग झिलई दिली. पुसट जुने अक्षर सांगते की मधे पॉलिश झाले. मुठीवरचा स्पष्ट ठसा सांगतो की शेवटी तपासणी झाली. कापलेली नळी आणि मिसळलेले क्रमांक त्याच घटनेशी जुळतात. निष्कर्ष : १८७० किंवा १८८० च्या दशकातील भागांपासून १८९५ नंतर लष्करासाठी दुरुस्त केलेले शस्त्र.

आता एकच बाब बदला : संपूर्ण पृष्ठभाग काजळासारखा एकजात काळा आहे आणि चौकटीच्या कडा गोल आहेत. बाकी पुरावा तसाच राहतो, पण त्यावर विसाव्या शतकातील खाजगी झिलईचा आणखी एक थर चढला, असा निष्कर्ष निघतो. दोन्ही बाबतींत पुढचा निर्णय वेगळा असेल.

भौतिक निष्कर्षाला कागदी आधार शोधा. कोल्ट कंपनी आपल्या जुन्या नोंदवह्यांवरून क्रमांकानुसार माहितीपत्र देते आणि लष्कराच्या शस्त्रविभागाची कागदपत्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कागद आणि धातू यांत विसंगती आढळली, तर ती लपवू नका. तीच नोंदीतील सर्वात मोलाची ओळ ठरू शकते.

७. काय करावे : तीन पर्याय

*स्वच्छता* म्हणजे परकी धूळ, जुने घट्ट तेल, सुटा गंज काढणे. *जतन* म्हणजे झीज थांबवणे. *पुनःस्थापन* म्हणजे वस्तू पूर्वीच्या एखाद्या अवस्थेसारखी दिसेल असे करणे. पहिल्या दोहोंत आपण पुरावा राखतो; तिसऱ्यात आपण पुराव्यावर नवा थर चढवतो किंवा काही भाग काढून टाकतो.

वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये तयार झालेल्या व्हेनिस सनदेत एक तत्त्व आहे : वास्तूत वेगवेगळ्या काळांनी घातलेली योग्य भर आदराने राखावी, सर्वत्र एकच शैली आणणे हे उद्दिष्ट नाही. सनद स्मारकांविषयी आहे, पण हा विचार आपल्या उदाहरणाला नेमका लागू पडतो. आर्टिलरी नमुन्याला लांब नळी बसवून त्याचे 'घोडदळाचे मूळ रूप' परत आणणे म्हणजे १८७३ चे शस्त्र मिळवणे नव्हे. तसे केल्याने फिलिपीन्सच्या युद्धाचा पुरावा नष्ट होतो आणि हातात एक नक्कल उरते. बाजारात घोडदळाच्या नमुन्याला किंमत जास्त मिळते, म्हणून हा मोह होतो आणि बनावट ठसे मारण्याचे प्रकारही त्यातूनच जन्मतात.

पृष्ठभागावरील सूक्ष्म खुणा किती बोलक्या असतात याचे उत्तम उदाहरण लिटल बिगहॉर्न येथेच मिळते. १९८३ मध्ये तेथील गवताळ रान वणव्यात जळाल्यानंतर १९८४ आणि १९८५ मध्ये पुरातत्त्वीय सर्वेक्षण झाले. सापडलेल्या पुंगळ्यांवर आघातकाची जी खूण उमटली होती, तिच्यावरून संशोधकांनी वेगवेगळी शस्त्रे ओळखली आणि ती रणांगणावर कशी सरकली याचा माग काढला. ज्या शस्त्राचा आघातक बदलला गेला किंवा कानशीने 'साफ' केला गेला, ते शस्त्र अशा तुलनेतून कायमचे बाद होते.

मग निर्णय कसा घ्यावा? लष्करी दुरुस्तीची झिलई असेल तर ती मूळ झिलईइतकीच जपा. नंतरची खाजगी झिलई असेल, तरी ती काढण्यापूर्वी विचार करा : तिच्याखाली मूळ थर शिल्लक आहे का? बहुतेक वेळा नसतो, कारण नवी झिलई देण्याआधी जुनी पॉलिशने काढलेली असते. अशा वेळी ती खरवडून काही मिळत नाही. फक्त धातू आणखी कमी होतो. प्रदर्शनात मूळ रूप दाखवायचेच असेल, तर छायाचित्र, रेखाचित्र किंवा प्रतिकृती वापरा.

८. प्रत्यक्ष जतन

१. *आधी नोंद.* सर्व बाजूंची छायाचित्रे मोजपट्टीसह घ्या. प्रत्येक ठशाचे तिरप्या उजेडातील छायाचित्र वेगळे घ्या.

२. *सुटे करणे टाळा.* जुन्या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात. साधा पेचकस निसटला की खाच फाटते आणि शेजारची झिलई ओरखडते. भाग उघडणे अत्यावश्यक असेल, तर ते अधिकृत शस्त्र-कारागिराकडूनच व्हावे.

३. *सुकी स्वच्छता.* मऊ ब्रशने धूळ झाडा. काळ्या दारूच्या अवशेषांत पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते ओलावा खेचतात, म्हणून फटींतील राळ दुर्लक्षू नका.

४. *तेलकट थर.* कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हाइट स्पिरिट घेऊन आधी न दिसणाऱ्या जागी चाचणी करा. बोळा फिरवा, घासू नका. निळा किंवा तपकिरी रंग उतरू लागला तर थांबा. मुठीच्या लाकडापासून द्रावक दूर ठेवा.

५. *गंज.* सुटा गंज हलक्या खनिज तेलाने मऊ करून बांबूच्या किंवा लाकडी काडीने उचला. स्थिर, घट्ट तपकिरी थर राहू द्या. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, बाजारू धातू-पॉलिश, चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर यांपैकी काहीही वापरू नका. आम्ल गंज आणि निळाई यांत भेद करत नाही. ते दोन्ही विरघळवते.

६. *मूठ.* लाकूड घासले की तपासनिसाची मुद्रा जाते. जवसाचे तेल मुरवले की लाकूड काळवंडते आणि ते तेल परत काढता येत नाही. मऊ कापडाने पुसणे पुरेसे असते.

७. *संरक्षक थर.* धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अतिशय पातळ हात द्या आणि मऊ कापडाने पुसा. हे मेण द्रावकाने परत काढता येते, म्हणून ते स्वीकारार्ह आहे.

८. *साठवण.* सापेक्ष आर्द्रता शक्यतो ५० टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर ठेवा. फार कोरड्या हवेत लाकडी मूठ तडकते, दमट हवेत पोलाद गंजते. चामड्याच्या म्यानात रिव्हॉल्व्हर कधीही ठेवू नका. कातडे ओलावा आणि आम्ल दोन्ही धरून ठेवते. म्यान वेगळे जपा. मुंबई, कोची, कोलकाता यांसारख्या शहरांत पावसाळ्यात सिलिका जेल वेळोवेळी बदलावे लागते. काम गुंतागुंतीचे असेल, तर लखनौ येथील राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळेसारख्या संस्थेचा सल्ला घ्यावा.

९. भारतातील कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार अग्निशस्त्र बाळगण्यासाठी परवाना लागतो. दुरुस्ती, रूपांतर किंवा चाचणी यांचा व्यवसाय करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. कलम ४५ मध्ये कालबाह्य नमुन्याच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे; पण ते शस्त्र दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीविना अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, ही अट आहे. म्हणजे 'जुने आहे' एवढे कारण पुरत नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूला पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ लागू होऊ शकतो. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. घरात एखादे जुने रिव्हॉल्व्हर सापडले, तर ते साफ करण्याआधी पोलिसांना कळवणे हेच पहिले काम आहे. गंज चार दिवस थांबेल.

१०. सारांश

लष्करी रिव्हॉल्व्हरवरील झिलई, ठसे, क्रमांक आणि मापे एकत्र वाचली तर त्याच्या सेवेचा क्रम कळतो. कारखान्यातील दुरुस्ती हा त्या क्रमातील एक टप्पा आहे. झिलईची पद्धत काळाची सीमा सांगते, ठसा कर्ता सांगतो आणि दोघांचा परस्परक्रम घटना सांगतो. जे काढले ते परत लावता येत नाही; म्हणून कमीत कमी हस्तक्षेप, परत काढता येणारे पदार्थ आणि पूर्ण नोंद हे तीन नियम पाळावेत.

स्वाध्याय

१. आखूड नळीच्या कोल्टवर अनुक्रमांक न जुळणे हा दोष का मानू नये? दोन कारणे द्या.
२. गंजाच्या खळग्यांच्या आत झिलई दिसल्यास कोणता क्रम सिद्ध होतो? खळग्यांत झिलई नसेल तर काय म्हणता येईल?
३. कोल्टवर आडवी कळ आणि 'यू.एस.' खूण एकत्र आढळली. तुमचे मत कारणांसह लिहा.
४. तुमच्या जवळच्या संग्रहालयातील कोणतीही धातूची वस्तू निवडा. तिला हात न लावता, केवळ निरीक्षणातून, तिच्या दुरुस्तीच्या खुणांची यादी करा आणि त्यांचा कालक्रम लावा.
५. 'मूळ रूप परत आणणे हेच खरे जतन' या विधानाची सुमारे ३०० शब्दांत चर्चा करा.